राजधानी, बाजारपेठ आणि एक अहवाल
(पॅट्रिक गेडिस यांच्या इंदूर-अहवालाचे पुनर्वाचन)

इंदूरविषयी मराठीत जे लेखन होते त्याचा एक साचा ठरून गेलेला आहे. आरंभ सुभेदार मल्हारराव होळकरांच्या माळव्यातील मोहिमांनी व्हावयाचा, मध्यावर देवी अहिल्याबाईंचे पुण्यस्मरण यावयाचे, पुढे राजवाड्याचे सात मजले, लालबाग, होळकर संघाचे क्रिकेट आणि लता मंगेशकरांचे जन्मस्थान यांची हजेरी लागावयाची, आणि शेवटी 'आता ते इंदूर राहिले नाही' असा एक उसासा टाकून लेखणी खाली ठेवावयाची. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी असे लेख वाचले आहेत आणि काहींनी ते लिहिलेही आहेत. आम्ही स्वतःही या अपराधातून मुक्त नाही. स्मरणिकांच्या संपादकांनी मागावे आणि आम्ही तोच साचा पुन्हा भरून द्यावा, असे अनेकदा घडले आहे.

या लेखनात खोटे काही नसते. परंतु त्यात शहर नसते, एका घराण्याची वंशावळ असते. त्या वंशावळीच्या आधाराने आपण, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या माळव्यात राहिलेली मराठी कुटुंबे, या शहरावरील आपला हक्क सांगत असतो. तो हक्क खरा किती आणि मानलेला किती, हे तपासण्यासाठी एका जुन्या ग्रंथाचे पुनर्वाचन करावे असा आमचा विचार आहे. हा ग्रंथ म्हणजे पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबाराला सादर केलेला नगररचनेवरील अहवाल. तो १९१८ साली इंदुरातच, होळकर सरकारच्या छापखान्यात, दोन खंडांत छापला गेला. नगररचनाकारांच्या वर्तुळात त्याचे नाव जगभर घेतले जाते. इंदूरच्या मराठी घरांत मात्र त्याचे नाव क्वचितच ऐकू येते. सरकारी अहवाल हा काही साहित्यप्रकार नव्हे, अशी शंका येथे कोणी घेईल. पण एखादे शहर मनापासून वाचणारा माणूस जेव्हा लिहितो, तेव्हा त्याचे लिखाण साहित्याच्या कसोटीला लावण्यास हरकत नसावी.

अहवालाकडे वळण्यापूर्वी इंदूर राजधानी कशी झाली, हे पुन्हा एकदा पाहिले पाहिजे. जुन्या इंदुराची वस्ती होळकरांच्या आधीची आहे. शहराचे नाव ज्या इंद्रेश्वराशी जोडले जाते, ते मंदिर याच जुन्या भागात आहे. येथील जमीनदार राव नंदलाल मंडलोई यांनी १७१६ साली मोगल दरबाराकडून करमाफीची सनद मिळवली आणि नदीकाठच्या या गावाला व्यापाराचे ठाणे म्हणून बळ आले, ही गोष्ट जुन्या इंदुरातील बड्या रावळ्याच्या परंपरेत आजही अभिमानाने सांगितली जाते. उत्तरेकडून दख्खनला जाणाऱ्या मार्गावर हे ठिकाण होते. माल उतरत होता, सावकार होते, दुकाने होती. मराठे आले तेव्हा त्यांना येथे माळरान मिळाले नाही, चालता बाजार मिळाला. १७३४ साली पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे खासगीची जहागीर दिली आणि होळकरांचा या भागाशी संबंध पक्का झाला. तरीही इंदूर राजधानी झाले नाही. १७६७ पासून १७९५ पर्यंत अहिल्याबाईंनी राज्यकारभार केला तो नर्मदाकाठच्या महेश्वराहून. यशवंतरावांचा ओढा भानपुऱ्याकडे होता. ऑक्टोबर १८०१ मध्ये शिंद्यांच्या फौजेने सर्जेराव घाटग्यांच्या हाताखाली इंदूर लुटले आणि जाळले, तेव्हा जळाली ती राजधानी नव्हती, एक श्रीमंत पेठ होती. मराठ्यांची पेठ मराठ्यांनीच लुटली, हा तपशील आमच्या स्मरणिकांतून सहसा गळतो.

२१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरची लढाई झाली आणि ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह. होळकरांच्या वतीने तो तह जुळवणारे तात्या जोग, म्हणजे विठ्ठल महादेव किबे, पुढे दिवाण झाले आणि दरबार इंदुरास आला. एका पराभवातून ही राजधानी जन्माला आली, हे आपण मोकळेपणाने म्हणत नाही. दरबार आला तो बाजाराच्या शेजारी राहावयास आला. पलीकडे रेसिडेन्सीची वेगळी वसाहत उभी राहिली आणि तेरा-चौदा मैलांवर महूची छावणी पडली. राजवाडा, बाजार आणि रेसिडेन्सी या तीन सत्तांच्या मधोमध इंदूर वाढले.

येथे एक दूरचे उदाहरण उपयोगी पडेल. सयामची जुनी राजधानी अयुत्थया ब्रह्मी सैन्याने उद्ध्वस्त केली ती १७६७ साली, म्हणजे अहिल्याबाईंनी कारभार हाती घेतला त्याच वर्षी. पुढे १७८२ मध्ये पहिल्या राम राजाने चाओ फ्राया नदीच्या पूर्व तीरावर नवी राजधानी वसवली. तेच आजचे बँकॉक. राजवाड्यासाठी निवडलेल्या जागेवर चिनी व्यापाऱ्यांची वस्ती होती. राजाने तिला दक्षिणेस साम्पेंग येथे हलवले, नगराचा स्तंभ रोवला आणि मग शहर आखले. तेथे आधी राजा आणि त्याच्या सोयीने बाजार. इंदुरात याच्या उलट झाले. कोणा व्यापाऱ्याला उठवून राजवाडा बांधावा अशी दरबाराची ऐपतही नव्हती आणि गरजही नव्हती. सावकारांवाचून दरबाराचे पान हलत नव्हते. राजवाड्यापासून सराफा, बजाजखाना, खजूरी बाजार, सीतलामाता बाजार ही सर्व ठिकाणे हाकेच्या अंतरावर का आहेत, याचे उत्तर या इतिहासात आहे. दिवसा सोन्याचांदीचा व्यवहार करणारा सराफा रात्री खाद्यपदार्थांच्या दुकानांनी फुलतो, याचे कौतुक बाहेरचे लोक करतात. एकाच ओट्यावर दोन पाळ्यांत धंदा करण्याची ही रीत या शहराची मूळ प्रकृती आहे, असे आम्हांला वाटते.

अशा या शहरात १९१७ साली गेडिस आले. तेव्हा त्यांचे वय त्रेसष्ट वर्षांचे होते. मूळचे ते स्कॉटलंडचे जीवशास्त्रज्ञ. एडिंबरोच्या जुन्या, बकाल झालेल्या भागात स्वतः पत्नीसह राहावयास जाऊन, एकेक इमारत सावरत त्यांनी तो भाग सुधारून दाखवला होता. १९१४ मध्ये नगरांचे प्रदर्शन घेऊन ते मद्रासला यावयाचे होते. प्रदर्शनाचे सामान वाहणारे जहाज एम्डेन या जर्मन युद्धनौकेने बुडवले, तरी नव्या सामग्रीची जुळवाजुळव करून त्यांनी प्रदर्शन भरवलेच. इंदूरचे काम हाती आले त्याच वर्षी त्यांचा थोरला मुलगा फ्रान्समधील युद्धभूमीवर मारला गेला आणि थोड्याच आठवड्यांत पत्नीचेही कलकत्त्यास निधन झाले. अहवालातील उत्साह वाचताना हे ध्यानात ठेवले म्हणजे त्या उत्साहाचे मोल कळते. घर उद्ध्वस्त झालेला एक माणूस परक्या गावातील घरे वाचवण्यासाठी गल्लोगल्ली हिंडत होता.

गेडिस यांच्या पद्धतीचे मर्म एका वैद्यकीय उपमेत आहे. आधी निदान, मग उपचार, आणि शस्त्रक्रिया करावीच लागली तर कमीत कमी अवयव कापून. त्या काळी आणि आजही, नगरसुधारणा म्हणजे जुन्या वस्तीच्या पोटातून एक रुंद, सरळ रस्ता काढणे अशी समजूत आहे. गेडिस यांचे म्हणणे असे की, नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारणाऱ्याने ती गल्ली पायांनी पाहिलेली नसते. एखादे पडके घर काढले, एखादी भिंत मागे घेतली, मोकळ्या झालेल्या जागेत झाड लावले आणि ओटा बांधला, तर हवा खेळते, रस्ता सुधारतो आणि शेकडो माणसे बेघर होत नाहीत. खर्चही कमी येतो. जुन्या वस्त्यांतील घाण त्यांना दिसली नाही असे नाही. ती पाहूनही त्यांनी वस्तीचा तिरस्कार केला नाही, हे त्यांच्या लेखनाचे वैशिष्ट्य होय. वळणावळणाच्या गल्ल्या, घरामागील अंगणे, विहिरी, पिंपळाचे पार, देवळापुढची मोकळी जागा यांना त्यांनी अडथळा मानले नाही. त्यांतून एका समाजाची रीत वाचावयाची असते, असे त्यांनी मानले. बाखल म्हणजे काय हे ज्यांनी मल्हारगंजाच्या बाजूला राहून अनुभवले आहे, त्यांना या दृष्टीचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

सांडपाण्याविषयीचे त्यांचे विचार त्या वेळी अभियंत्यांना रुचले नाहीत. मोठ्या खर्चाच्या भुयारी गटार-योजनेविषयी ते साशंक होते. मैला आणि कचरा यांना टाकाऊ न मानता त्यांतून बागा फुलवाव्यात आणि नदी स्वच्छ राखून तिच्या काठांना उद्यानांचे रूप द्यावे, हा त्यांचा आग्रह होता. गिरण्यांसाठी व कामगारांसाठी नव्या वसाहतीचीही त्यांनी आखणी केली. अहवालाचा दुसरा खंड तर नगररचनेच्या चौकटीतच मावत नाही. मध्य भारतासाठी इंदुरात विद्यापीठ कसे असावे, त्याचे ग्रंथालय, संग्रहालय व रंगभूमी यांचे शहराशी नाते काय असावे, याचा तो विस्तृत विचार आहे. ते विद्यापीठ प्रत्यक्षात आले १९६४ साली, म्हणजे सेहेचाळीस वर्षांनी.

१९१७ च्या दिवाळीची हकिगत येथे सांगणे प्राप्त आहे. शहरात प्लेगचे भय होते. आपल्याला एक दिवसाचे महाराज करावे, अशी मागणी गेडिस यांनी केली आणि ती मान्य झाली. मिरवणूक नेहमीच्या मार्गाने न जाता, ज्या गल्ल्या अधिक स्वच्छ असतील त्या मार्गाने जाईल, असे जाहीर झाले. लोकांनी घरे झाडली, रंगवली, कचऱ्याचे ढीग उपसले. मिरवणुकीत लक्ष्मी होती, तिच्या जोडीला इंदूर नगरी ही एक नवी देवता होती, अस्वच्छतेचा राक्षस होता आणि प्लेगचा अवाढव्य उंदीर होता. पांढऱ्या स्वच्छ वेषात, नवे झाडू घेऊन आणि गळ्यांत फुलांचे हार घालून शहरातील सफाई कामगार मानाने चालत होते. शेवटी राक्षस आणि उंदीर यांचे दहन झाले. तुळशीची रोपे वाटण्यात आली.

ही हकिगत मनोहर आहे आणि इंदूरचा अभिमान वाटावा अशीही आहे. परंतु समीक्षकाने येथे थांबावे. ती आपल्यापर्यंत मुख्यतः आली आहे ती गेडिस यांच्या चाहत्या अमेलिया डेफ्रीज यांच्या १९२७ सालच्या पुस्तकातून, आणि तीही खुद्द गेडिस यांच्या तोंडून. तिच्यातील नायक एकच आहे. शहर त्याच्या मागे चालते. गेडिस यांच्या विचारातील मोठी उणीव आम्हांला येथेच जाणवते. नागरिकांनी शहर घडवावे, असे ते सतत म्हणतात, पण ते घडवून आणण्यासाठी त्यांना राजाची आज्ञा लागते, भले ती एका दिवसाची असो. तिसऱ्या तुकोजीरावांच्या दरबाराने अहवाल मागवला, छापला, त्यातील जे सोयीचे ते घेतले आणि उरलेले बाजूला ठेवले. आज्ञेवर विसंबलेल्या विचाराचे असेच होते. सफाई कामगारांच्या गळ्यांतील हार दुसऱ्या दिवशी सुकले. त्यांच्या हातांतला झाडू आणि डोक्यावरची पाटी मात्र पुढच्या पिढीकडे गेली. उत्सवाने एका दिवसाचा मान दिला. त्यांच्या कामाची घडण बदलणे हे उत्सवाच्या आवाक्याबाहेरचे होते. हा दोष एकट्या गेडिस यांचा नाही. पण त्यांच्या अहवालाचे गुणगान करणाऱ्यांनी तो झाकू नये.

तरीही काही बिया रुजल्या. १९२४ पासून सर आल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदुरात वनस्पती-उद्योग संस्थेच्या आवारात शेतातील टाकाऊ पदार्थांपासून खत करण्याची पद्धत सिद्ध केली. ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. १९३१ साली त्यावर जे पुस्तक निघाले, त्यावर हॉवर्ड यांच्या बरोबरीने यशवंत वाड यांचे नाव सहलेखक म्हणून आहे. हॉवर्ड यांनी गेडिस यांच्यापासून काही घेतले, असे आमचे प्रतिपादन नाही. परंतु एकाच शहरात, पंधरा वर्षांच्या आत, घाणीकडे संपत्ती म्हणून पाहणारे दोन ग्रंथ जन्माला यावेत, ही गोष्ट त्या शहराच्या प्रकृतीशी सुसंगत वाटते. जेथे काहीही वाया न घालवणारा व्यापारी राहतो, तेथेच अशी विद्या सुचते. २०१७ पासून सलग सात वेळा इंदूर देशातील सर्वांत स्वच्छ शहर ठरले. तेव्हा वृत्तपत्रांतून गेडिस यांच्या दिवाळीची आठवण निघाली असती तर आम्हांला आनंद झाला असता. आपल्या मराठी लेखनात मात्र वाड यांचेही नाव आढळत नाही. ज्यांनी लढाया मारल्या त्यांची नावे आपण पाठ करतो. ज्यांनी खत केले त्यांची नाही.

गेडिस इंदुरात काम करीत होते तो काळ भाषेच्या दृष्टीनेही विलक्षण होता. १९१७ साली येथे मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते गणेश जनार्दन आगाशे. लगेच १९१८ साली येथेच हिंदी साहित्य संमेलन भरले आणि त्याचे अध्यक्षपद महात्मा गांधींनी भूषविले. दक्षिणेत हिंदी प्रचाराचे जे कार्य पुढे उभे राहिले, त्याचा संकल्प या संमेलनात झाला. १९३५ साली पुन्हा दोन्ही संमेलने इंदुरातच झाली. मराठीचे अध्यक्ष औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी, हिंदीचे पुन्हा गांधीजी. एकाच शहराने दोन भाषांच्या संमेलनांना दोनदा एकाच सुमारास यजमान व्हावे, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. आपल्या आठवणींत मात्र यांतील एकच बाजू राहते. आपण १९१७, १९३५ आणि विजया राजाध्यक्षांच्या अध्यक्षतेखालचे २००१ अशी तीन संमेलने मोजतो. शेजारच्या मांडवात काय चालले होते, हे आपल्या हिशेबात नसते.

खरे तर या शहराचा स्वभाव त्या दोन मांडवांच्या मधल्या रस्त्यावर आहे. मुक्तिबोध बंधूंचे उदाहरण घ्यावे. थोरले गजानन माधव इंदूरच्या होळकर महाविद्यालयाचे विद्यार्थी, मातृभाषा मराठी, आणि विसाव्या शतकातील हिंदी कवितेचे एक शिखर. धाकटे शरच्चंद्र यांचा जन्म १९२१ साली इंदुरातच झाला. ते मराठीचे कवी, कादंबरीकार आणि समीक्षक झाले, आणि 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' या ग्रंथासाठी १९७९ साली साहित्य अकादमीचे मानकरी ठरले. एकाच घरातील दोन भाऊ दोन भाषांत मोठे होतात. हे एखाद्या पुण्याच्या वाड्यात सहजासहजी घडले नसते. गजानन माधव हिंदीत गेले, याचे आपल्यातील काहींना आजही वैषम्य वाटते. आम्हांला ते शहराचे देणे वाटते. आपण घरात मराठी बोलतो, ओट्यावर माळवी मिसळलेली हिंदी, आणि दोन्हींत एकमेकींचे शब्द उसने घेतो. मुंबई-पुण्याचे पाहुणे आपल्या मराठीला हसतात तेव्हा आपण ओशाळतो. ओशाळण्याचे कारण नाही. ती भाषा बाजारपेठेशेजारी वाढलेल्या राजधानीची भाषा आहे.

राजधानीपण तर केव्हाच गेले. २८ मे १९४८ रोजी मध्य भारत राज्य अस्तित्वात आले. ग्वाल्हेर हिवाळ्यातली आणि इंदूर उन्हाळ्यातली राजधानी ठरली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेश झाला आणि भोपाळकडे सर्व मान गेला. १८१८ ते १९५६ या एकशे अडतीस वर्षांत आपल्या कुटुंबांतील कित्येक पिढ्या दरबारच्या, मग सरकारच्या कचेऱ्यांत कारकुनी, मुन्सफी, मास्तरकी करीत जगल्या. दप्तरे हलली तेव्हा आपल्यापैकी अनेकांना शहरच गेल्यासारखे वाटले. शहर मात्र गेले नव्हते. गिरण्यांचे भोंगे वाजत होते, सराफा भरत होता. पुढे गिरण्याही बंद पडल्या, १९९१ च्या डिसेंबरात हुकुमचंद मिल थांबली, तरीही बाजार उभा राहिला. राजवाडा १८०१, १९०८ आणि १९८४ असा तीनदा जळाला आणि प्रत्येक वेळी त्याच्या आजूबाजूची दुकाने थोड्याच दिवसांत उघडली. दरबार हा या शहराचा अलंकार होता, प्राण नव्हता, हे मान्य करणे आपल्याला जड जाते. कारण आपण स्वतःला त्या अलंकाराचे भाग समजत आलो.

मग गेडिस यांचा अहवाल आज कशासाठी वाचावयाचा? दोन प्रसंग सांगून हे लेखन संपवतो.

पहिला सर्वांना ठाऊक आहे. ३० मार्च २०२३ रोजी, रामनवमीच्या दिवशी, बेलेश्वर महादेव झुलेलाल मंदिरात जुन्या बावडीवर टाकलेली फरशी कोसळली आणि छत्तीस माणसे प्राणास मुकली. त्या जमिनीखाली पाणी आहे, याची आठवण वरून चालणाऱ्यांना उरली नव्हती. भारतीय शहरांवरील आपल्या अहवालांतून गेडिस यांनी तलाव आणि विहिरी बुजवण्याला वारंवार विरोध केला होता. हिवतापाच्या भयाने पाणी झाकून टाकण्यापेक्षा ते स्वच्छ राखावे, त्यात मासे सोडावेत, असे ते सांगत. शहराचे निदान आधी करा, हे त्यांचे म्हणणे पुस्तकी वाटते खरे. पण पायाखाली काय आहे याची नोंद नसणे म्हणजे काय, हे त्या दिवशी इंदूरने पाहिले.

दुसरा प्रसंग आमच्या घरातला आहे. राजवाड्याच्या मागच्या बाजूस आमचा वडिलोपार्जित वाडा होता. भावंडे पांगली, डागडुजी परवडेना, तेव्हा तो विकला. त्याबद्दल आम्ही कोणाला बोल लावीत नाही. सही आमचीही होती. पण वाडा रिकामा करताना माळ्यावर मोडी कागदांचे दोन गाठोडे निघाले. जमाखर्च असावेत, खरेदीखते असावीत. आम्हांपैकी कोणालाही मोडी वाचता येत नव्हती. कोणी म्हणाले, जुने हिशेब आहेत. ते रद्दीत गेले. त्याच महिन्यात आम्ही एका स्मरणिकेसाठी 'हरवलेले इंदूर' या मथळ्याचा लेख लिहून दिला होता. हे आज लिहिताना लाज वाटते. त्या कागदांत कदाचित बाजारातील एखाद्या सावकाराचे नाव असते, वाड्यातील विहीर कोणी व केव्हा खोदली याचा खर्च असता, कोणाला किती मजुरी दिली हे असते. दरबाराच्या बखरीत नसलेले इंदूर त्या गाठोड्यांत होते, आणि ते आम्हीच हरवले.

गेल्या काही वर्षांत राजवाड्याभोवतालच्या रस्त्यांच्या रुंदीकरणात अनेक जुन्या घरांचे दर्शनी भाग छाटले गेले. अर्धे कापलेले जिने आणि उघड्या पडलेल्या देवळ्या आपण जाता-येता पाहतो. रुंदीकरण करावे की करू नये, हा वाद आम्ही येथे उकरीत नाही. वाहनांचे प्रश्न १९१८ च्या पोथीतून सुटणार नाहीत. पण छाटण्यापूर्वी नोंद तरी करावी, एवढे गेडिस यांच्यापासून घेता येते, आणि त्यासाठी एक दिवसाचे महाराजपद लागत नाही. कागद-पेन्सिल लागते, चालण्याची तयारी लागते आणि मोडी वाचणारे दोघे-चौघे लागतात.

म्हणून वाचकांना आमची विनंती अशी. पुढील अंकासाठी वंशावळी आणि उसासे पाठवू नयेत. आपल्या वाड्याचा, नसेल तर भाड्याच्या खोलीचा, हाताने काढलेला नकाशा पाठवावा. विहीर कोठे होती, ती कोणी बुजवली, ओट्यावर कोण बसत असे, शेजारच्या दुकानात काय विकले जाई, घरातील भांडी घासावयास येणारी बाई कोणत्या वस्तीतून येई आणि तिच्याशी कोणत्या भाषेत बोलणे होई, हे लिहावे. माळ्यावर मोडी कागद असतील तर ते रद्दीत देण्यापूर्वी सभेला कळवावे. नीट पाहावयाचे ठरवले, तर दोन वर्षांत जुन्या इंदुराच्या निदान एका मोहल्ल्याचे टिपण तयार होईल. त्यात होळकरांचा उल्लेख जेथे येईल तेथे येईलच. मंडलोईंचा, सराफांचा, गिरणी कामगारांचा, हिंदी बोलणाऱ्या शेजाऱ्याचा आणि झाडू घेऊन मिरवणुकीत चाललेल्यांच्या नातवंडांचाही येईल. आपला या शहरावरील हक्क त्या टिपणात कमी दिसला तर दिसू द्यावा. जेवढा उरेल तेवढा खरा असेल.